ब्रशचे बटण

एका कार्यालयाच्या प्रतीक्षा कक्षात अर्ध्या भागात गालिचा आहे आणि अर्ध्या भागात फरशी. सकाळी मंदामावशी तिथे उभा व्हॅक्यूम क्लीनर चालवत होत्या. गालिच्यावर त्या यंत्र सावकाश पुढे नेत आणि त्याहून सावकाश मागे ओढत, कारण रुतलेली धूळ घाईने निघत नाही. फरशीवर आल्यावर त्यांनी बटण दाबून खालचा फिरता ब्रश थांबवला. तो फरशीवरचे खडे ओढून घेण्याऐवजी उडवतो. ब्रश थांबताच आवाज निम्मा झाला आणि सुपरवायझर धावत आला. वय मावशींच्या मुलाएवढे.

"काय मावशी, झोप लागली का? मशीन बंद का केलं?"

"बंद नाही साहेब, नुसता ब्रश थांबवलाय. खडे उडतात ना."

"मला शिकवू नका. तुमच्या जागेसाठी बाहेर रांग लागलीय. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

त्याने स्वतःच बटण दाबले. यंत्र गुरगुरले. खडे बाकांखाली उडाले, एक बाकावर वाट पाहत बसलेल्या माझ्या बुटावर आदळला. त्याचा चेहरा मात्र निवळला.

ज्याला काम कळत नाही, तो कामाचा आवाज ऐकतो. अशा माणसाच्या हाती इतरांच्या नोकऱ्या देतात आणि त्याला व्यवस्थापन म्हणतात.

सुपरवायझर आत गेल्यावर मंदामावशींनी यंत्र तसेच गरजत उभे ठेवले, गुडघ्यांवर बसल्या आणि बाकांखालचे खडे हाताने वेचू लागल्या.