जिल्ह्यातल्या आम्ही दोघी

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि जुनं नाव माहेरी जानेफळलाच राहिलं. वर्षभरात पाय बधिर होऊ लागले, एका डोळ्यापुढे धुकं आलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. नसांवरचं आवरण झिजतं, एवढं मला कळलं. सासूबाईंना त्याहून जास्त कळलं. "आमच्या घरात असं दुखणं कोनालेच नाई. माहेरचं असंन."

दुखणं माहेरचं, तेव्हा आईने बुलढाण्याला नेऊन केसपेपरही माहेरच्या नावाने काढला. पुढे नवऱ्याला दया आली, की लोक काय म्हणतील याची लाज वाटली, देव जाणे. त्याने देऊळगाव राजाला सासरच्या नावाने दुसरा काढला.

मग या आजाराच्या रुग्णांची देशभर नोंदणी सुरू झाली आणि आमच्या जिल्ह्यात दोन बायका सापडल्या. दोन्ही मीच. मी प्रामाणिकपणे सांगायला गेले, तर देऊळगाव राजाच्या दवाखान्यातले नोंदणीवाले भाऊ हळूच म्हणाले, "ताई, एका पेशंटसाठी इंजेक्शन मागवता येत नाई. दोन हायेत म्हणून येऊन राह्यलं. काऊन बोलता?"

मी गप्प बसले. घराजवळ इंजेक्शन मिळू लागलं, दुसरीच्या वाट्याचं पुढच्या खेपेला मीच घेई. पायांत जरा जीव आला. चुलीपाशी भिंत न धरता उभी राहू लागले, याचा आनंद मी कोणापासून लपवला नाही.

एक दिवस नोंदणी किती विश्वासार्ह आहे हे तपासायला दिल्लीहून साहेब आले. त्यांना दोघींना भेटायचं होतं. भाऊंनी तोडगा काढला, "सकाळी एक या, दुपारी लुगडं बदलून दुसरी या."

सकाळी हिरव्या साडीत गेले, दुपारी निळ्या. साहेबांनी दोन्ही वेळा प्रेमाने चौकशी केली, पण मान संगणकातून वर काढली नाही. शेवटी म्हणाले, "सकाळी आलेल्या बाईंचा त्रास अगदी तुमच्यासारखाच आहे. त्यांना भेटत जा. एकमेकींना आधार होईल."

माझं डोकं फिरलं. "रोजच भेटते साहेब. आरशात."

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चूक सापडल्याचा त्यांना इतका आनंद झाला की भाऊंना चहा सांगितला. माहेरची मी तिथल्या तिथे पुसली गेली. नोंदणी अचूक झाल्याबद्दल दवाखान्याला अभिनंदनाचं पत्र आलं, आणि एकाच रुग्णासाठी मागवता येत नाही म्हणून इंजेक्शन बंद झालं.

आता इंजेक्शनसाठी मी जालन्याला उतरून संभाजीनगरची बस धरते. परवा पाय पायरीवर चढेना. कंडक्टरने हात दिला, विचारलं, "ताई, सोबत कोणी नाही का?"

"होती एक," मी म्हणाले. "तिला कमी केलं."