ब्रीडाबाईंशी लावलेली पैज

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर हातात पेन फारसं आलंच नाही. पण इथे आयर्लंडमध्ये, नास गावात, आमच्या शेजारच्या ब्रीडाबाई घर विकून लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हापासून दुपारी करमत नाही. म्हणून लिहिते.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नावही विचारलं नाही. मी उपम्याचा डबा घेऊन दारात उभी, आणि त्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा म्हणतो, त्याच्या आजोबांना हंसाने तळ्यात ढकललं. खरं की खोटं?"

"खरं," मी म्हणाले. एवढा कोट घातलेला माणूस टीव्हीवर खोटं कशाला बोलेल?

तो खोटंच बोलत होता. ब्रीडाबाईंनी हात पुढे केला, "एक युरो."

इंग्लंडचा कार्यक्रम तो. विनोदी माणसं समोरासमोर बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्याची उलटतपासणी करतात. त्याच्यानंतर दुसरा लागायचा, त्यात हसता हसता माहिती मिळायची. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे मी जेवताना सांगितलं तेव्हा माझा मुलगा निखिल घास घ्यायचा थांबला. "आई, हे तुला कुठून कळलं?"

"शेजारून."

पैजेचं मात्र बोलले नाही. माझ्याजवळ स्वतःचे पैसे नसायचे, आणि जुगारासाठी मुलापुढे हात कसा पसरायचा? ब्रीडाबाई म्हणायच्या, "ग्रँड. उधार." इथे 'चालेल'ला ग्रँड म्हणतात. मला सगळंच खरं वाटायचं, त्यामुळे उधारी वाढतच गेली. त्या कुणालाच सोडत नसत. एकदा चर्चचे फादर भेटायला आले, तर टीव्ही तसाच चालू. "फादर, खरं की खोटं?" फादर हरले आणि मुकाट्याने बिस्किटांच्या डब्यात नाणं टाकून गेले.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "तू मला गोष्ट सांग. मी फसले तर तुझी उधारी फिटली." मी खूपदा प्रयत्न केला, पण तोंड उघडायच्या आत माझे कान लाल व्हायचे. त्या म्हणायच्या, "टोमॅटो पिकले बघ. देवाने तुला खोटं बोलायला बनवलंच नाही."

निरोपाला गेले तेव्हा सामान खोक्यांत भरलेलं होतं, फक्त टीव्ही जागेवर होता. मी डोक्याला स्कार्फ घट्ट बांधला होता. आपल्याकडे थंडीत आधी कान झाकतात हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे काही संशय आला नाही.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली, "हे माझं मंगळसूत्र एकदा म्हशीने गिळलं होतं. सासरे दोन दिवस शेणाची पाटी घेऊन तिच्या मागे फिरले."

मंगळसूत्र बघायला त्यांनी हातात घेतलं होतं, ते चटकन सोडून दिलं. "म्हशीचं नाव काय?"

"चंद्री."

"मग धुतलं कुणी?"

"सासऱ्यांनीच. मी घाबरून माळ्यावर बसले होते."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरं. बिचारी चंद्री."

मी स्कार्फ सोडला. कान नुसते तापले होते. "आमच्याकडे म्हैस कधी नव्हतीच."

ब्रीडाबाई इतक्या हसल्या की खोक्यावर बसल्या, आणि आतलं काहीतरी फुटलं. मग डोळे पुसत त्यांनी मंगळसूत्र पुन्हा हातात घेतलं, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "फिटलं. एक सेंटही बाकी नाही."