येतू म्हणा

गरम गुळाचा वास आला की माझा जीव अजूनही थाऱ्यावर राहत नाही. कडेगावजवळ आमचं घर होतं, मी पाच-सहा वर्षांची, आणि वडील गुऱ्हाळात गूळ करणारे गुळवे. निघताना "येतू गं" म्हणायचे, पण उकळत्या रसाची काहील उतरल्याशिवाय त्यांना हलता यायचं नाही आणि मी दारात ताटकळायची. एका सकाळी मी फुरंगटून म्हणाले, "आबा, तुमी लवकर येतच न्हाई. येतू म्हणू नगा, जातू म्हणा." ते हसले. "बरं बाई, जातू," म्हणाले आणि गेले. चुलीपुढनं आई ओरडली, "आगं, असं म्हणत्यात का? जातू म्हणून गेलेलं माणूस परत येतंय व्हय?" दिवसभर मला घास उतरला नाही. तेव्हा चाललेल्या महायुद्धामुळं रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं तिन्हीसांजेला घरात कंदीलही पेटला नव्हता. मी उंबऱ्यावर बसायची, उठायची, फुफाट्यातून वळणापर्यंत धावायची आणि परत यायची. अखेर गुळाचा वास आधी आला आणि मागनं ते आले. मी त्यांचं धोतर घट्ट धरलं, ते मला झोप लागेपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या सकाळी मी दार अडवलं. "येतू म्हणा." "आन् उशीर झाला तर?" "हूं द्या. पर येतूच म्हणा." आता नातू निघताना फटफटीवर बसून नुसता हात हलवतो. मी फाटक धरून उभी राहते. काय म्हटल्यावर ते उघडतं, हे त्याला ठाऊक आहे.