बिनचुन्याच्या पेशी

तीस वर्षे लॅबमध्ये बाटल्या धुतल्या. बाटली धुतली की कोरी होते, किस्से मात्र माझ्यापाशी साचत गेले. त्यातले हे वैशाली मॅडमच्या पीएचडीचे.

*

मॅडमना बोकडाच्या गुर्द्यावर बसलेल्या इवल्या ग्रंथी लागत. आणायला मी जायचो. खाटीक म्हणाला, "काकाजी, अख्खं वर्धा कलेजी मागते, तुमी गुर्द्यावरची टोपी मागता! भाजी कशी करता हो याची?"

"भाजी नाई, पीएचडी करतो!"

*

एकदा विचारले, या पेशींकडून करवून घेता तरी काय?

मॅडम म्हणाल्या, "हार्मोन येऊन हुकूम देतं, मग पेशी स्टेरॉइड बनवतात. पण कॅल्शियम नसेल, तर हुकूम येऊनही काम नीट होत नाही. तेच मला दाखवायचंय."

मी तळहात पुढे केला. "म्हंजे तंबाखू हाय, पन चुना नाई. कितीबी मळा, लागतच नाई!"

मॅडम इतक्या हसल्या की हातातली पिपेट खाली ठेवावी लागली.

*

पण झाले भलतेच. बिनकॅल्शियमच्या बाटल्यांतल्या पेशीही झकास स्टेरॉइड बनवू लागल्या! चार वेळा तेच. मॅडमचे गाइड, आमचे सर, म्हणाले, "पुन्हा असंच आलं तर विषय बदला." तीन वर्षांची मेहनत!

संशय माझ्या चुन्याच्या डबीवर. सरांनी ती कपाटात कुलूपबंद केली. आठ दिवस मी नुसता तंबाखू चघळला. पेशी मजेत, बिनकॅल्शियमचा मी!

*

नवव्या दिवशी मॅडम स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. डोळे लाल. "काकाजी, बाटल्या कशानं धुता?"

"डिस्टिल्ड पाण्यानं."

"फक्त त्यानंच?"

मी मान खाली घातली. "बिनकॅल्शियमच्या बाटल्यांत शेवटी विहिरीचं पानी फिरवतो. थोडंसं तळाशी राहू देतो."

आमच्या विहिरीचे पाणी असे, की तापवायच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, चुन्याचा पांढरा थर बसतो.

"काऊन पण, काकाजी?"

"उपाशी राह्यत होत्या बिचाऱ्या. मले पाहवलं नाई, बाई."

मॅडमनी कपाळाला हात लावला, आणि हसता हसता रडल्या. पुढच्या खेपेला बाटल्या त्यांनी स्वतः धुतल्या. पेशी गप्प! डबी मला परत मिळाली.

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. कडक माणूस, चहालाही हात लावला नाही. मी ट्रे धरून दारात.

"कॅल्शियमचं काम एका वाक्यात सांगा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. "सर, ते नसेल तर... तंबाखू आहे, पण चुना नाही."

आमच्या सरांनी डोळे मिटून घेतले.

परीक्षकांनी कागद पुढे ओढला. सही केली, उठले, दारापाशी थांबले आणि हळूच तळहात पुढे केला.

"काकाजी, डबी हाय काय तुमच्यापाशी?"