हे कुणाच्या हातातलं?

महाडच्या जानकीकाकूंनी मला चार पावसाळे आपल्या ओसरीवर पथारी पसरू दिली आणि रोज संध्याकाळी न चुकता पान वाढलं, हे आधी सांगतो. त्यांचे यजमान, आमचे आबामास्तर, शिमग्याच्या तोंडावर वारले, ते नंतर. मास्तरांनाही हाच क्रम आवडला असता.

यंदा मी कराचीहून रजा काढून आलो. महाडच्या बंदरात आमचा पडाव, ती लहानशी शिडाची होडी, लागला, तेव्हा माझी ट्रंक धक्क्यावर ठेवता ठेवता होडी हाकणारा तांडेल म्हणाला, "मास्तरांकडंच चाललास न्हवं? ते... नाय रे आता. पंधरवडा झाला." मी ट्रंकेवरच बसलो. मनात एवढंच आलं, की मास्तरांनी विचारलेल्याचं उत्तर पोचायचं राहिलं.

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या वर. म्हशी, नाचणी आणि वारा. तिकडून मी महाडला इंग्रजी शिकायला आलो, तो मास्तरांच्या वर्गात पडलो. इंग्रजी वाक्प्रचार हे मास्तरांचं वेड. अर्थ फळ्यावर लिहायचे, हात झटकायचे आणि वळून विचारायचे, "अर्थ पुस्तकात आहे. पण हे कुणाच्या हातातलं?" त्यांचं म्हणणं असं, की असली बोलणी खुर्चीत बसलेल्या माणसाला सुचत नाहीत, कुणाचे तरी हात कामात गुंतलेले असतात, तेव्हा ती तोंडातून निघतात. तो माणूस सापडेपर्यंत मास्तर पुढच्या धड्याला जात नसत.

एकदा 'बाय हुक ऑर बाय क्रुक' निघालं. काहीही करून, या ना त्या वाटेने. मास्तर सांगू लागले, विलायतेत जमीनदारांची राखीव रानं असत, झाडाला कुऱ्हाड लावायची मनाई. पण आकडीने किंवा गुराख्याच्या वाकड्या काठीने ओढून जेवढं वाळकं खाली येईल तेवढं गरिबाने न्यावं, अशी पूर्वापार मुभा असे. मी उभाच राहिलो. "मास्तर, हे तर आमच्यातलं हाय! माझी आय रोज हेच करते. जंगलखात्याचा शिपाई खाली उभा ऱ्हातो नि ती वर आकडी लावते." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "अहो ऐकलंत का, विलायतेची आकडी आपल्या ओसरीवरच झोपते!" काकू आतून म्हणाल्या, "मग तिला सांगा, मागच्या फणसाची वाळकी फांदी ओढून द्यायला." मी ती ओढून दिली. त्या दिवसापासून मी त्या घरातला झालो.

पुढे वडील अंथरुणाला खिळले आणि शाळा सुटली. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा मास्तरांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाले, "दाव्याला बांधलेली म्हैस पोचेल तेवढं गवत खाते, मग दावं ताणून उभी राहते. 'अॅट द एंड ऑफ वन्स टेदर' हे इंग्रजी बोलणं त्या दाव्यावरूनच, माहीत आहे ना? तू तिथं आलायस. आता खुंटा बदलायचा." कराचीच्या एका माल उतरवणाऱ्या पेढीत त्यांच्याच ओळखीने मला जागा मिळाली. बंदरावर पोचवायला आले, तेव्हा पडावाकडे बोट करून म्हणाले, "'टु नो द रोप्स', म्हणजे कामात मुरलेला असणं. पुस्तक सांगतं, जहाजावरच्या दोरांवरून आलं. पण या पडावाला दोर ते किती? शेंबडं पोरसुद्धा आठवड्यात शिकेल. मग यात मुरणं कसलं? तू मोठ्या बंदरावर चाललास... बघ जरा माझ्यासाठी."

कराचीत सगळे मॅट्रिक झालेले, मी मधूनच शाळा सुटलेला. हेडक्लार्कने पहिल्याच दिवशी साहेबाला सांगितलं, याला 'रोप्स' कळायला वेळ लागेल. शब्द ओळखीचा, मास्तरांचाच. उद्या घरी पाठवतील, असं रोज वाटायचं. अजूनही अधूनमधून वाटतं.

मग गेल्या थंडीत एक जुनं शिडाचं जहाज धक्क्याला लागलं, तीन उंच डोलकाठ्यांचं. त्यावर रत्नागिरीकडचे एक म्हातारे खलाशी होते, इब्राहिमचाचा. त्यांनी मला वर नेलं. बघतो तर दोरच दोर. एका रंगाचे, एका जाडीचे, ओळीने खुंट्यांना गुंडाळलेले. "यांवर नावं का नाहीत?" मी विचारलं. चाचा म्हणाले, "नावं वाचणार कोण? काळोख, वर पाऊस, जहाज आडवं होतंय. तिथं डोळे फुकट. हाताला ठावं पायजे. चुकीचा सोडलास, तर वर चढलेला माणूस खाली." मी विचारलं, तुम्हाला हे कधी आलं? "पयल्या दोन सफरी तर मी नुसता घाबरतच व्हतो रे!" म्हणाले आणि खो खो हसले. त्या हसण्याने माझी भीती बरीच ओसरली. हे सगळं मास्तरांना पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं. समोर बसून, हात हलवून दाखवायचं होतं.

काकूंच्या ओसरीवर गेलो. मास्तरांची खुर्ची भिंतीशी लावलेली होती. काकूंनी पाणी दिलं, मग पदर सारखा करून त्यांनीच विचारलं, "दोरांचं काय झालं? शेवटपर्यंत विचारत होते. कुणाच्या हातातलं निघालं?"

मी डोळे मिटून, हवेत दोर चाचपत सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फडताळासारखंच की. दिवा विझला तरी मोहरी कुठली नि मेथ्या कुठल्या, बोटांना कळतं. एवढ्यासाठी यांनी बंदरावर खेपा घातल्या! आत येऊन विचारायचं होतं." आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

उठताना मी विचारलं, समुद्रातलं मोठं जहाज पाहिलंत कधी? "मी कुठं पाहणार? दासगावच्या पलीकडे गेलेय कधी?"

मी परत कराचीत आहे. शिडाची जहाजं आता क्वचितच येतात. पण काकू, मी इथं नीट स्थिरावलो, की तुम्हाला न्यायला येईन. पुन्हा तसं जहाज लागेल, तेव्हा तुम्हाला वर चढवीन, डोळे मिटायला सांगीन आणि एकेक दोर तुमच्या हातात देईन.