मागच्या हँडलवरचा गिअर

अण्णाची अट एकच होती. "एकदाच बसेन. भीती वाटली, तर पुन्हा सायकलचं नाव काढायचं नाही."

साखरेच्या आजारानं त्याची दृष्टी जाऊन वर्ष होत आलं होतं. कॉलेजात प्राध्यापकी केलेला माणूस केलगेरी तलावाजवळच्या घरात खुर्ची धरून बसला होता, फाटकापर्यंतही जात नव्हता. वहिनीनं फोन केला म्हणून मी गेलो, नाहीतर ती पायरी मी चढत नाही. त्याच घरात चार प्राध्यापकांसमोर त्यानं माझी ओळख करून दिली होती, "हा आमचा सायकलवाला." सख्ख्या धाकट्या भावाची! पंक्चरच्या पेटीवरून सुरुवात करून सुभाष रोडवर दुकान उभं केलं, त्याची ही किंमत.

तरी दोघांनी मिळून चालवायची टँडम सायकल मीच जोडली. हुबळीच्या एका जुन्या मालवाल्याकडे तीन गिअरचं हब मिळालं. यात गिअर सगळे मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात बंद, बाहेर साधी एकच चेन. चढावर चेन उतरायची भीती नाही आणि उभं राहूनही गिअर बदलता येतो. मालवाला म्हणाला, "मालक, हे एकट्याच्या सायकलचं हब. बदलताना दोघांनीही पाय ढिले सोडले नाहीत, तर आतले दात धरणार नाहीत. नका घेऊ."

नको नको म्हणत भाव चढवायचा, ही युक्ती मी स्वतः रोज करतो. मी हसलो, भाव आणखी थोडा पाडला आणि हब घेऊन आलो.

सकाळी निघालो. पुढे मी, मागे अण्णा. तलावाकाठच्या सपाट रस्त्यावर तो गुणगुणायला लागला. वर्षभरात वहिनीनं हे ऐकलं नसेल. मग चढ आला. मी पाय ढिले केले आणि हलक्या गिअरचा खटका ओढला. मागे अण्णा जीव खाऊन पायडल मारतच होता. त्याच्या जोरानं चेन ताणलेली, आतला गिअर अडलेला. तेवढ्यात हब खाडकन वाजलं आणि दोघांचेही पाय पोकळीत गेल्यासारखे गरागरा फिरले. सायकल मागे सरकायला लागली. मागून बसचा हॉर्न. मी ब्रेक आवळून कसाबसा पाय टेकला. बस कोपराला वारा घालत गेली. अण्णाची नडगी पायडलनं सोलली होती.

"जोर कशाला लावलास?" मी ओरडलो.

"चढ होता म्हणून! तू खटका ओढलास, ते मला काय स्वप्न पडणार? आधी सांगायचं की नाही?"

"सांगत बसू का प्रत्येक वेळी?"

"का? जीभ झिजते? गिऱ्हाइकाशी तासभर चालते ती!"

तो चाचपडत उतरला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसला. "घरी ने. चालत."

आता हा एकदा चालत घरी गेला की फाटक कायमचं बंद, हे मला कळत होतं. माफी मागायला जीभ वळेना. मालवाल्यानं सांगितलेलंही मी गिळून टाकलं होतं. म्हटलं, "काय हवंय ते बोल. घरी जाणं सोडून."

त्यानं नडगीवरचं रक्त पुसलं. मग म्हणाला, "गिअर माझ्याकडे दे."

"तुला चढ दिसत नाही!"

"मांड्यांना कळतो. तू पुढचं बघ. मी सांगितलं की पाय सोडायचे. का म्हणून विचारायचं नाही."

दुकानात मला असं कुणी बोललं असतं, तर त्याला पायरीवरून खाली ढकललं असतं. मी पाना काढला. खटका मागच्या हँडलवर बसवला, उरलेली केबल गुंडाळून सुतळीनं बांधली. त्यानं खटका बोटांनी तीनदा चाचपून बघितला आणि तो बसला.

आमच्या घरात भांडण मराठीत, हुकूम कन्नडमध्ये. "बिडु!" तो मागून ओरडला, म्हणजे सोड. मी पाय सोडले. टिक्. एवढाच आवाज, आणि पायडल हलकं झालं. दुसऱ्या वेळी मी रागानं क्षणभर दाबूनच ठेवलं, तर पुन्हा खाडकन वाजलं. "बिडु म्हणजे बिडु!" तिसऱ्यांदा सोडले.

चढ संपला तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

"उद्या सहाला ये," तो म्हणाला.

"सातला. दुकान आहे मला."

"सहा."

"साडेसहा, आणि चहा वहिनीनं तयार ठेवायचा."

तो पायडल मारत राहिला. मी साडेसहा ठरलं असं धरलं.