पहिला नंबर लेकराचा

नागपुरात बारावी सायन्सचं असं एकही पोर नसेल, ज्याचे मार्क माझ्या बायकोच्या मामांना ठाऊक नाहीत. हे मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. लग्नात ते नवरा-नवरीला आशीर्वाद देतील न देतील, करवलीला मात्र गाठून विचारतील, "सीईटीत किती पडले वं?" माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, आकडे राहतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला आता दोन लेकरं आहेत, तरी मामांसाठी ती अजून 'एक्याण्णववाली'च. एकदा तर तेरवीच्या पंगतीत, घरचे लोक डोळे पुसत असताना, गेलेल्या माणसाच्या नातवाला त्यांनी कोपऱ्यात नेऊन मेकॅनिकलचा कटऑफ समजावून दिला. नातूही असा, की आजोबांचं दुःख बाजूला ठेवून त्यानं वही काढली.

विजेच्या खात्यातून इंजिनेर म्हणून रिटायर झाल्यापासून लोकांच्या पोरांचे इंजिनिअरिंगचे फॉर्म भरून देणं हाच मामांचा उद्योग, आणि तोही फुकट. डोक्याला दुपट्टा, काखेत तांदळाच्या पोत्याची शिवलेली पिशवी, पिशवीत सात वर्षांच्या कटऑफच्या याद्या. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दोन मिरच्या असतात, कारण मामा मूळचे मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरचे, आणि दुसऱ्याच्या घरच्या मिरचीवर त्यांचा काडीचा भरवसा नाही. कितव्या पर्सेंटाइलला कोणत्या कॉलेजात कोणती ब्रँच मिळेल हे ते याद्या न उघडता सांगतात, आणि सांगून झाल्यावर याद्या उघडून स्वतःलाच शाबासकी देतात.

त्यांचे दोन नियम मात्र देवानं येऊन सांगितलं तरी मोडायचे नाहीत. पहिला असा, की यादीतली पहिली पसंती लेकरानं एकट्यानं भरायची. त्या वेळी आईबापांची रवानगी स्वयंपाकघरात, आणि मामा स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसणार. "पहिला नंबर लेकराचा, बाकीचे माझे." दुसरा नियम असा, की भरलेला फॉर्म लगेच पक्का करायचा नाही. "लोणचं अन् फॉर्म, दोन दिवस मुरू द्यावं." तिसऱ्या दिवशी लेकरानं सगळी यादी मोठ्यानं वाचायची, मग पक्का.

माझ्या मुलीला सत्त्याण्णव पर्सेंटाइल पडले तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले आणि मनातल्या मनात तिला कॉम्प्युटर इंजिनेर करून मोकळा झालो. फॉर्म भरायच्या दिवशी आम्ही नवरा-बायको नियमाप्रमाणे स्वयंपाकघरात उभे राहिलो. मामा गेल्यावर यादी पाहिली, तर पहिल्या नंबरावर मायनिंग. कॉम्प्युटर दुसरा. पहिला नंबर मिळाला की तो घ्यावाच लागतो, आणि मायनिंग तर तिला डोळे मिटून मिळणार होतं. "एवढे मार्क खाणीत घालतं का?" मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मले जमिनीच्या खाली काय आहे ते पाहायचं आहे. मी नववीपासून सांगून राहिली, तुम्ही हसता." खरं होतं ते. मी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून तिचा फॉर्म उघडला आणि पहिल्या दोन नंबरांची अदलाबदल केली. पासवर्ड माझ्याच डायरीत होता. तिच्या भल्यासाठीच करतोय, असं स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी डबा न उघडताच घरी आणला.

तिसऱ्या दिवशी मामा आले. मुलगी वाचायला लागली, "एक, कॉम्प्युटर…" आणि थांबली. मी पंख्याकडे पाहत होतो. मामांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, जरा चहा ठेव वं," ते म्हणाले. आजपर्यंत स्वयंपाकघरात लेकरू जाण्याची ही पहिलीच वेळ.

मला वाटलं, आता मामा फाडून खातील. त्यांनी खिशातली मिरची काढली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली. "जवाईबापू, मले शेतकी कॉलेजात जायचं होतं. मार्क पडले भरपूर. बाप म्हणे, एवढे मार्क मातीत काहून घालतं? अन् त्यानं माझा फॉर्म बदलवून टाकला. अडतीस वर्षं नोकरी झाली, घर झालं, पोरं शिकली. वाईट काहीच झालं नाही." मग ते म्हणाले, "पण बाप मेला तरी मी त्याले ते विचारू नाही शकलो. तुमच्या पोरीवर ते पाळी नका आणू."

मुलगी चहा घेऊन आली. मामांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि शेजारी माझीही. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून चहा पीत बसलो. मला फार लाज वाटत होती. मागे कळफलकाचा आवाज झाला, आणि माझ्या फोनवर आलेला ओटीपी मी मान न वळवता वाचून दाखवला.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. कन्हानकडच्या खाणीत पहिल्यांदा उतरली, तेव्हा मॅंगनीजचा एक काळा दगड घेऊन ती आधी मामांकडे गेली, मग घरी आली. मामांची नजर आता अधू झाली आहे. पोरं मोबाइलला विचारून फॉर्म भरतात; यंदाच्या जूनमध्ये त्यांच्याकडे फक्त दोघं आली. मग ते दिवसभर गच्चीवर त्यांच्या मिरच्यांच्या कुंड्यांमध्ये बसून राहतात. तो दगड एका कुंडीपाशी ठेवला आहे.

मागच्या रविवारी मुलीनं त्यांना विचारलं, "आबाजी, शेतकी कॉलेज पाहायले येता का?" नाही नाही म्हणत ते स्कूटरवर बसले. तिथल्या शेतात तासभर वांग्यांच्या ओळींमधून फिरले, वाकून माती हातात घेतली. निघताना गेटापाशी म्हणाले, "चाल बाई. झालं पाहून."

हे सगळं मुलीनं घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कटऑफची पिशवी त्यांनी घरीच ठेवली होती. काखेत फक्त त्यांची बारावीची मार्कशीट होती."